मोहिनी मॅडमचा न आलेला फोन

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. माझ्या काचेला तडा गेलाय आणि आवाज जरा खरखरतो. नांदूरघाटच्या अजीजभाई मेकॅनिकनं मला नवाकोरा विकत घेतलं. त्यांच्या गॅरेजात ग्रीस लागलेल्या बोटांत माझी उमेदीची वर्षं गेली. पुढं त्यांची मुलगी यास्मिन बी.एस्सी. झाली, तेव्हा त्यांनी मला स्वच्छ पुसून तिच्या हाती दिलं. म्हणाले, "नोकरीचे फोन येतील, बेटा. जवळ ठेव."

बीडजवळच्या एका दूध प्रकल्पात यास्मिननं दूध तपासणीच्या कामासाठी मुलाखत दिली. ती चांगली झाली. भरतीचं काम बघणाऱ्या मोहिनी मॅडमनी फोन केला, "तुमचं जवळपास नक्की आहे. एकदा साहेबांना भेटून जा." यास्मिन एसटीनं गेली, तर साहेब पुण्याला गेलेले. कुणी कळवलंच नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "मी फोन करते. तोवर दुसरीकडे होकार देऊ नका." यास्मिननं "नाही देणार" म्हणून शब्द दिला.

तो फोन काही आला नाही.

घरात रेंज धड मिळत नव्हती, म्हणून यास्मिन मला घेऊन गच्चीवर बसायची. भाकरी थापताना मला परातीशेजारी ठेवायची. मी वाजलो की पिठाच्या हातानंच उचलायची. कुणाची तरी जाहिरात असायची. तिचा चेहरा उतरायचा, आणि मला वाजायचीच धास्ती वाटू लागली. तिचा मेसेज मॅडमनी वाचल्याच्या निळ्या खुणा माझ्यावर दिसत होत्या. उत्तर मात्र नव्हतं.

एका सकाळी केजच्या रक्त तपासणी केंद्राचे मालक अंगदराव यांचा फोन आला. तिथंही यास्मिननं अर्ज केला होता. "जागा हाय. पन दुपारपर्यंत सांगा. दुसरी एक मुलगी बी विचारतेय."

यास्मिनची आई रहेमतबी म्हणाल्या, "हो म्हन की. थांबलीस कावून?"

"अम्मी, मी त्या मॅडमला शब्द दिलाय."

"आन् त्यांनी तुला?"

यास्मिननं मॅडमचा नंबर पुन्हा पुन्हा लावला. पलीकडं घंटी वाजत राहिली. शेवटी मला पर्समध्ये टाकून ती बीडच्या गाडीत बसली. वाटेत ती सारखी मला काढून वेळ बघत होती.

प्रकल्पात मोहिनी मॅडम आपल्या टेबलाशीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ती जागा तर कधीच भरली. तुम्हाला कळवलं नाही का?"

"कोण कळवणार होतं, मॅडम?"

मॅडमनी मान खाली घातली. "माझंच काम होतं ते," त्या हळूच म्हणाल्या.

यास्मिन बाहेर आली. दुपार टळत आली होती. पायरीवर उभं राहून तिनं अंगदरावांना फोन लावला. "सर, उशीर झाला का?"

"तुमी न्हाई म्हनेपर्यंत तिला कसं हो म्हनू? उद्या या."

यास्मिन तिथंच पायरीवर बसली आणि मला कानाशी धरून रडली.

आता ती केजला कामाला जाते. एखाद्याचा रिपोर्ट लांबणार असला, की ती स्वतः फोन करून तसं सांगते. मित्रांनो, तुमच्या भरवशावर कुणी थांबलं असेल, तर त्याला आजच कळवा. नकार असला तरी कळवा. त्या माणसाला पुढं कुठंतरी जायचं असतं.