पोत्याच्या तळची माती

“सगळा वाफा पिवळा पडतोय, आन् तुझ्या कोपऱ्यातली सात रोपं तेवढी हिरवीगार. कशी गं?”

सकाळच्या हजेरीला, अकरा मजुरांदेखत, शंकररावांनी वाफ्यांना पाणी घालणाऱ्या सोजरबाईंना विचारले. यवतजवळच्या त्या रोपवाटिकेत ते एकवीस वर्षे मुकादम होते. हिमालयातून प्रयोगासाठी आलेले चिडाचे, म्हणजे तिथल्या पाइन वृक्षाचे, बी लागोपाठ दुसऱ्या वर्षी उगवून मरत होते. बी त्यांनी स्वतः निवडले होते; माती तीनदा चाळून, भाजून घेतली होती. दोष मातीत नाही, बियाण्यात नाही. तेव्हा तो माणसातच असणार, हा निष्कर्ष त्यांना निर्विवाद वाटत होता.

“मी काय बी केलं न्हाई, आप्पा. तुम्ही बी निवडून पोतं फेकलं, ते मी झटकलं. तळाची काळी माती कोपऱ्यात लोटली. एवढंच.”

“मातीनं रोपं हिरवी व्हत्यात व्हय? खताची पिशवी कमी हाय. तुझ्या कोथिंबिरीला गेली आसंल.”

“माझ्या उंबऱ्याला डांबरी सडक लागलीय, आप्पा. कोथिंबीर काय डांबरात लावू?”

मजूर हसले. ते हसणेच शंकररावांना झोंबले.

“चोर ती चोर, वर तोंड करती!”

दुपारी सोजरबाईंना कामावरून काढले.

पुढे वाफ्यांना पाणी शंकरराव स्वतः घालू लागले. रोपे तरी मरतच राहिली. मग त्यांनी पंपवाल्यावर संशय घेतला, शेजारच्या ढाब्याच्या सांडपाण्यावर घेतला. एकही संशय टिकला नाही.

पौषात हिमालयातल्या राणीखेतहून बिष्ट नावाचे वृद्ध वनरक्षक वाफे पाहायला आले. त्यांनी कोपऱ्यातले एक रोप अलगद उपटले. मुळांवर पांढऱ्या बुरशीचे बारीक धागे होते.

“और रोपों में यह नहीं है। जंगल की मिट्टी भेजी थी साथ में, कहाँ गई?”

शंकररावांना आपण फेकलेले पोते आठवले. बिष्ट सांगत होते : डोंगरात उन्हाळ्यात चिडाची बोंडे तडकतात, पंखवाले बी वाऱ्यावर उडते आणि जुन्या झाडांच्या आसपासच रुजते, तिथल्या मातीतली ही बुरशी कोवळ्या मुळांना पोसते. तिच्यावाचून रोप उगवते, पण धरत नाही.

तिसऱ्या दिवशी शंकरराव सोजरबाईंच्या गावी, राहूला गेले. त्या परक्या वावरात कांदा लावत होत्या.

“चूक माझी झाली, सोजरबाई. उद्यापासनं या तुम्ही कामाला.”

“चोर म्हनलात तवा अकरा माणसं व्हती,” त्या वाकूनच म्हणाल्या. “आन् हे हितं, बांधावर? हजेरीला येते उद्या. तवा म्हना.”

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. शंकररावांनी घसा खाकरला आणि एकही पायरी न गाळता सारे क्रमाने सांगितले. शेवटी म्हणाले, “बाईनं चोरी केली न्हवती. माती मी फेकली व्हती.”

सोजरबाईंनी पूर्ण ऐकून घेतले.

“झालं,” त्या म्हणाल्या. “येते मी. कांद्याची लागण अर्धी ऱ्हायलीय, शब्द दिलाय त्यास्नी.”

त्या फाटकाबाहेर राहूला जाणाऱ्या जीपची वाट पाहत उभ्या राहिल्या. जीप येईपर्यंत एकही मजूर कामाला लागला नाही, आणि शंकररावांनी कोणाला हटकले नाही.