सगुणाबाईचं खातं

मित्रांनो, आधी कुणीतरी माझ्या काचेवरची धूळ पुसा, म्हणजे तुमचे चेहरे तरी दिसतील. मी एक जुना संगणक आहे. पंचवटीतल्या एका मंगल कार्यालयाच्या कोठीत, तेलाच्या रिकाम्या डब्यांवर मला टेकवून ठेवलं आहे. शेजारी मोठमोठी पातेली आणि झारे. त्यांना लग्नसराईत तरी कुणी हात लावतं. मला कोण विचारतो? अंग दुखतं म्हणावं तर अंगात वीज नाही. तरीही आज बोलतो, कारण पुढच्या आठवड्यात भंगारवाला येणार असं कानावर आलं आहे.

माझा जन्म काही मोठ्या कारखान्यात झाला नाही. सन एकोणीसशे शहाण्णव. गावातल्याच कॅनडा कॉर्नर भागातल्या एका गाळ्यात दोन पोरांनी मला जुळवलं. डबा एकीकडचा, पडदा दुसरीकडचा, कळफलक आणखी कुठला. सगळं बसलं, मी उजळलो आणि त्या पोरांनी टाळ्या दिल्या. मग कार्यालयाचे मालक महेशशेठ यांनी मला रिक्षात मांडीवर घेऊन इथे आणलं. दसऱ्याला माझी पूजा झाली, झेंडूचा हार पडला, आणि हळदीकुंकवाचे थोडे कण कळफलकात गेले ते आजतागायत निघाले नाहीत.

तेव्हा इथे गेणूनाना नावाचे दिवाणजी होते. त्यांच्या लाल वहीला मी सवत वाटलो. ते माझ्याकडे पाठ करून बसत. मला शिकवायला आली ती साधना. कॉमर्सचं कॉलेज नुकतंच संपवून, संगणकाचा कोर्स करून आलेली, शांत आणि नीटनेटकी मुलगी. पहिले कित्येक दिवस ती मला फक्त नावं शिकवत होती.

लग्न म्हटलं की काय काय लागतं, तुम्हीच आठवून पाहा. भाजी, फुलं, दूध, बर्फ, गॅस, पत्रावळी. प्रत्येक वस्तू आणणारा माणूस वेगळा, आणि प्रत्येकाचं माझ्या पोटात वेगळं खातं. माल मागच्या दाराने येई. कोठी सांभाळणारा भारत तो मोजून घेई आणि एका चिठ्ठीवर मालाचं आणि माणसाचं नाव लिहून देई. ती चिठ्ठी साधनाकडे, साधनाकडून माझ्याकडे. कुणाचं किती आलं, किती चुकतं केलं, किती द्यायचं राहिलं, हे विचारल्याबरोबर मी सांगत असे. पूर्वी दूधवाला आला की गेणूनाना वहीची पानं चाळत बसायचे आणि तोवर त्याचा चहा गार व्हायचा. आता साधना दोन कळा दाबायची. शेठ पाहुण्यांना मुद्दाम आत आणून मला दाखवत. चार दिवस सासूचे तसे माझेही होते, मित्रांनो.

पण कौतुक किती दिवस टिकतं? टोमॅटो, कोबी, बर्फ, दूध. परत टोमॅटो, कोबी, बर्फ, दूध. तेच लिहून लिहून जीव कंटाळून जाई. मी जरा थबकलो की कुणीही येऊन माझ्या डब्यावर थापट मारी. माझा पंखा घरघरायला लागला. गेणूनाना म्हणत, आमची वही कधी दमली नाही.

फुलांचं खातं होतं चिमाजी विधाते यांच्या नावावर. मखमलाबादकडे त्यांचा मळा. एका तुकड्यात झेंडू, शेवंती, निशिगंध. बाकीच्यात त्यांचा धाकटा भाऊ चंदर भाजी करी आणि तीही आमच्याकडेच येई. त्याचं खातं निराळं. फुलं घेऊन मात्र कायम चिमाजींची बायको यायची, सगुणाबाई. पहाटे फुलं तोडणं, हार ओवणं, टोपली डोक्यावर घेऊन बस पकडणं, सगळं तिच्याकडे. माझ्या पडद्यावर तिचं नाव नव्हतं. खातं घरच्या पुरुषाच्या नावे, असा रिवाज, आणि त्यात कुणाला काही खटकतही नव्हतं.

एका पावसाळ्याच्या शेवटी चिमाजी वारले. गंगेवर, म्हणजे आमच्या इथल्या नदीकाठी, दहावा झाला, तेव्हा कार्यालयाच्या वतीने गेणूनाना टॉवेल-टोपी घेऊन गेले. ही आमच्या कार्यालयाची जुनी पद्धत होती. माल देणारा गेला की दहाव्याला दिवाणजींनी दुखवट्याची टॉवेल-टोपी न्यायची, आणि भाऊबंद ज्याला पुढे करतील त्याच्या हातात द्यायची. ज्याच्या हातात टॉवेल-टोपी, त्याच्या नावावर पुढचं खातं. भाऊबंदांनी चंदरला पुढे केलं. सगुणाबाई बायकांमध्ये बसली होती. तिला कुणी विचारलं नाही, आणि तशा दिवशी ती तरी काय बोलणार होती?

दुसऱ्या दिवशी गेणूनानांनी साधनाला सांगितलं, चिमाजीचं खातं चंदरच्या नावे कर. साधनाने चिमाजींचं खातं उघडलं, नाव खोडलं, त्या जागी लिहिलं ‘चंदर विधाते, फुले’, आणि कळ दाबली. मित्रांनो, मी पडलो सांगकाम्या. नाव बदल म्हटलं की मी ते खालपासून वरपर्यंत सगळीकडे बदलतो. चिमाजींच्या नावाने आलेली मागच्या वर्षांची सगळी फुलं एका क्षणात चंदरची झाली. साधनाच्या ते ध्यानात आलं नाही.

त्यानंतर फुलं सगुणाबाई आणायची आणि पैसे चंदर न्यायचा. वाईट माणूस नव्हता तो, पण हात आखडता. वहिनीने मागितले की थोडे काढून द्यायचा, मग म्हणायचा, फुलांत राहतंय काय? तो तुकडा मोडून तिथे द्राक्षाचा मांडव घालायचं त्याच्या मनात होतं. सगुणाबाईच्या हातात पैसाच येईना, तर रोपं कुठून आणायची आणि खुरपणीच्या बायकांना काय द्यायचं? एक हंगाम रोपं लागली नाहीत की तुकडा आपोआप पडीक, आणि पडीक रान द्राक्षाला मोकळं. हे तिला कळत होतं. म्हणून एक दिवस ती टोपली ठेवून आत ऑफिसात आली.

ती साधनाला म्हणाली, आमच्या मालकांच्या वेळचं फुलांचे किती पैसे जमत होते ते जरा बघून सांग. साधनाने मला विचारलं. मी शोधलं. चिमाजी नावाचं माझ्याकडे कुणीच नव्हतं. साधनाने परत विचारलं, मी परत तेच सांगितलं. नाव बदलताना काय झालं ते आता तिच्या ध्यानात आलं. तिने जे घडलं होतं ते सगुणाबाईला सरळ सांगून टाकलं.

सगुणाबाई रडली नाही. तिने खुर्चीची पाठ धरली.

“म्हणजी त्यांनी कधी फुलं आणलीच नाय, असं झालं का गं?” तिने विचारलं.

साधनाने त्याच दिवशी नाव परत चिमाजी केलं. मागची सगळी फुलं त्यांची त्यांना मिळाली. पण पुढची कुणाची? सगुणाबाईच्या नावाने नवं खातं काढू का, असं तिने शेठना विचारलं. शेठ मिशीत पुटपुटले. चंदरची भाजी रोजची, आणि लग्नसराई तोंडावर. तो रुसला तर पंगतीला वाढायचं काय? सराई उरकू दे, मग बघू, असं म्हणून त्यांनी विषय टाळला. गेणूनानांनी मान डोलावली आणि वर म्हणाले, बाईमाणसाच्या नावाने खातं आजवर कधी पाहिलं नाही. चिठ्ठीवर चंदरचंच नाव पडत राहिलं. साधना ते टाइप करताना माझ्या कळा अशा दाबायची की मला लागायचं.

मग तो लग्नाचा दिवस उजाडला. नवरदेव मारुतीला गेला होता, मांडवात सनई लागली होती. मागच्या दारी सगुणाबाईची टोपली आली, आणि चंदरचा भाजीचा टेंपोही तिथेच उभा होता. भारतने चिठ्ठी फाडली आणि सवयीने लिहिलं चंदर विधाते. सगुणाबाईने नाव विचारलं. त्याने वाचून दाखवलं. तिने टोपलीवर ओलं फडकं परत झाकलं आणि तिथेच पायरीवर बसली. हार काही उतरेनात.

धावाधाव झाली. हाराशिवाय बोहल्यावर कसं उभं करणार? शेठ घामाघूम होऊन तिला ऑफिसात घेऊन आले, मागोमाग चंदर. तो हळू आवाजात म्हणत होता, वहिनी, चारचौघांत नको, घरी बोलू.

“घरी बोलून वरीस झालं, भावजी,” सगुणाबाई म्हणाली. मग शेठकडे वळली. “शेठ, फुलं तुमचीच हायेत, मी काय ती वापस न्यायला आणली नाय. पर चिठ्ठीवर नाव माझं टाका. आन त्या पेटीत बी.”

पेटीत म्हणजे माझ्यात. मित्रांनो, माझं कौतुक आटल्यानंतर एवढ्या माणसांसमोर माझं नाव निघण्याची ती पहिलीच वेळ.

शेठनी चंदरकडे पाहिलं. चंदरने जमिनीकडे पाहिलं. बाहेर कुणीतरी हार कुठे म्हणून ओरडलं. शेवटी शेठ म्हणाले, “साधना, काढ खातं.”

आणि नेमकी वीज गेली. त्या काळात भारनियमनाचा काही नेम नसे. माझ्यासाठी खाली बॅटरीची एक पेटी होती, ती टी टी करू लागली. ती म्हातारी झालेली, क्षणभरात मान टाकणारी. माझा पंखा धापा टाकत होता. साधनाने एक एक अक्षर दाबलं. सगुणाबाई. चिमाजी. विधाते. खरं सांगतो, मला केव्हाचं आडवं व्हावंसं वाटत होतं, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. पण एवढं नाव पोटात घेईपर्यंत मी तग धरला. खातं जमा झालं आणि मग माझा पडदा काळा पडला. हार मांडवात गेले.

म्हणून सगळं गोड झालं असं समजू नका. चंदरने त्या सराईत भाजी उशिरा पाठवून पाठवून आचाऱ्यांच्या नाकी नऊ आणले. गेणूनाना साधनाशी अबोला धरून बसले. सगुणाबाईच्या नावाचा धनादेश निघाला तर तिचं बँकेत खातं नाही. साधनाच तिला घेऊन गेली, अंगठा, फोटो, सगळं करून आली. पण पुढच्या हंगामात त्या तुकड्यात शेवंती लागली. द्राक्षाचा मांडव बांधापलीकडे थांबला, आणि सगुणाबाईचे पैसे सगुणाबाईला वेळच्या वेळी मिळत राहिले.

वर्षं गेली. गेणूनाना घरी बसले. साधनाचं लग्न झालं आणि ती ठाण्याला गेली. जाताना तिने माझा पडदा ओढणीने पुसला. मी फार मंद झालो होतो. एक चिठ्ठी घ्यायला मला इतका वेळ लागे की नवी मुलगी रूपाली मधल्या वेळात डबा खाऊन घेई. अखेर एक चपटा, काळा, नवा संगणक आला. माझ्यातली खाती त्याच्यात न्यायला एक तंत्रज्ञ आला. त्याने फक्त ज्यांचं देणं बाकी आहे तेवढी खाती नेली. बाकीचा कचरा कशाला, म्हणाला. सगुणाबाईचे पैसे चुकते झालेले होते, बाकी शून्य. तिचं नाव मागे राहिलं. चिमाजींचं तर राहिलंच. मी समोरच्या टेबलावर बसून बघत होतो आणि माझ्या हातात काहीच नव्हतं.

थोड्या दिवसांनी सगुणाबाई आली. केस पार पांढरे झालेले. रूपालीने नव्या यंत्रात शोधलं आणि म्हणाली, “मावशी, तुमचं नाव दिसत नाही यात. चंदर विधाते आहेत, तुमच्याच घरचे ना? त्यात टाकू का?”

परत पायरीवर बसणं, परत सगळं पहिल्यापासून?

सगुणाबाई शांतपणे खुर्ची ओढून बसली.

“नाय. त्याचं त्याला ऱ्हाऊ दे. माझं नवं काढ, मी सांगते तसं लिही,” ती म्हणाली आणि तिने पूर्ण नाव सांगितलं. रूपालीने लिहिलं. “आता आजून एक काढ. चिमाजी विधाते.”

“ते माल देतात का?”

“नाय. ते गेले.”

रूपाली गोंधळली. रिकाम्या खात्याचा काही उपयोग नसतो, त्यात लिहायचं काय, असं तिने समजावून पाहिलं.

“काय बी लिहू नको,” सगुणाबाई म्हणाली. “नाव तेवढं असू दे.”

रूपालीने ते खातं काढलं. ते अजून तिथे आहे, शून्याचं.

मित्रांनो, भंगारवाल्याबद्दल माझी तक्रार नाही. मी दमलो आहे, मला घेऊन जाऊ द्या. जमलं तर तुमच्या घरातल्या यंत्रांवर मात्र थापटा मारू नका, अधूनमधून त्यांची धूळ पुसा, आणि ती टाकून देण्याआधी त्यांच्या पोटात कोण कोण आहे ते एकदा बघा. आणखी एक करा. तुमच्या दारात सकाळी फुलं, भाजी, दूध घेऊन जी बाई येते, तिचं नाव तुम्हाला माहीत आहे का? उद्या विचारा. तिच्या नवऱ्याचं नको, दिराचं नको. तिचं विचारा.