गिटारची टाळू

मावशीच्या दुकानात खरेदीच्या वेळी दोनच शब्द चालायचे: हो आणि नाही. खिडकीजवळच्या उंच स्टुलावर बसायचं, आलेली जुनी गिटार तपासायची, तिची पेटी तपासायची आणि शब्द द्यायचा. दिलेला शब्द मावशीने आजवर मागे घेतला नव्हता. पुढे त्या स्टुलावर भाचीने बसायचं, हे दोघींचं भाचीच्या लग्नाआधीच ठरलेलं.

भाचीला सगळे टिचकी म्हणत. दिसेल त्या वस्तूवर टिचकी मारून आवाज ऐकायची तिला लहानपणापासून खोड. मग ते कलिंगड असो, कपाट असो, नाहीतर झोपलेल्या काकाचं टक्कल. पण बाळंतपणानंतर ती बाळाला घेऊन दुकानात परतली, तेव्हा मावशीने तिच्या हातात तारा पुसायचं फडकं दिलं.

"सध्या एवढंच कर. आईचे कान बाळाकडे लागलेले असतात गं, लाकडाचं काही ऐकू येत नाही. माझंही तेच झालं होतं."

"एक गिटार दे मला, मावशी. एकच."

"बरं. आता येईल ती तुझी. पण चुकलीस तर स्टूल सुतारमामांचं."

दुकानातली सगळी डागडुजी करणारे सुतारमामा मागच्या खोलीत रंधा मारत होते. तिथूनच म्हणाले, "मला नको रे बाबा. त्याच्यावर बसलं की पाय लोंबकळतात."

त्याच दुपारी समोरचे चष्मेवाले काका एक काळी पेटी घेऊन आले.

"बायको वाजवायची. ती गेल्यापासून घरी मागच्या खोलीत कपाटावर पडून आहे. खाली खोली तापवायचा हीटर असतो. परवा सहज तारा छेडल्या, तर नुसती खरखर. ठेवून तरी काय करू? घेत असाल तर घ्या."

टिचकी स्टुलावर चढली. पाळण्यात बाळ झोपलं होतं.

आधी पेटी बघायची, मग गिटार, ही मावशीचीच शिकवण. चांगली पेटी मिटताना फुस्स करून श्वास सोडते. कडा घट्ट बसल्या, बाहेरची हवा आत शिरणार नाही, असा त्याचा अर्थ. या पेटीचं झाकण एका बाजूने जुन्या चपलेसारखं वर आलेलं. टिचकीने ते मिटलं, उघडलं, पुन्हा मिटलं. नुसतं थप्प. आतली मखमल भाजल्यासारखी कोरडी.

मग गिटार. गोल भोकाच्या काठावर लाकडाच्या रेषा वरून आतपर्यंत सरळ उतरल्या होत्या. म्हणजे अखंड फळी, प्लायवर चिकटवलेला मुलामा नव्हे. टिचकीचे डोळे चमकले. तेवढ्यात मावशीने लोखंडी पट्टी गिटारच्या पोटावर आडवी धरली. एरवी पोटाला किंचित फुगवटा असतो. इथे पट्टीखालून, ऐन मधोमध, उजेड दिसत होता.

"लाकूड बसलंय," मावशी हळूच म्हणाली. "नाही म्हण आणि मोकळी हो."

बाळ रडायला लागलं. मावशीने भुवई उडवली, बघ, मी म्हटलं नव्हतं? टिचकीने खाली उतरून बाळाला खांद्यावर घेतलं, आणि सवयीने तिचा तळवा त्याच्या डोक्यावर गेला. मऊ, उबदार टाळू.

बाळाला जुलाब झाले होते तेव्हा ही टाळू या गिटारच्या पोटासारखीच खाली बसली होती. आता सगळं संपलं असं वाटून तिने डॉक्टरांसमोर डोळ्यांना पदर लावला होता. डॉक्टर म्हणाले होते, अहो बाई, घाबरू नका, अंगातलं पाणी कमी झालंय, चमच्याचमच्याने पाजा. आणि टाळू वर आली होती.

बाळाला खांद्यावर ठेवूनच तिने दुसऱ्या हाताचं बोट गिटारच्या मानेच्या कडेवरून फिरवलं. मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची टोकं लाकडाबाहेर येऊन बोटाला टोचली. धुऊन आटलेल्या सदऱ्यातून मनगटं बाहेर यावीत, तशी.

"थांबा," टिचकी म्हणाली.

"हा शब्द कुठून आणलास?" मावशी म्हणाली. "इथे हो असतं, नाहीतर नाही."

"ही वाया गेलेली नाही, मावशी. तहानलीये. हीटरने सुकवली आणि पेटीने वाचवलं नाही. काका, थोडे दिवस ठेवून जाल?"

काकांनी मावशीकडे बघितलं. मावशीने सुतारमामांच्या दिशेने बघितलं. रंधा थांबला होता.

"ठेवा," मावशी म्हणाली. "स्टूल कुणाचं तेही कळेल."

टिचकीने दुकानातली श्वास सोडणारी पेटी निवडली आणि गिटार तिच्यात ठेवली. साबणाच्या डबीला भोकं पाडून त्यात पिळलेला स्पंज ठेवला, लाकडाला पाणी लागणार नाही असा, डबी गिटारशेजारी सरकवली आणि पेटी मिटली. फुस्स.

रोज सकाळी सुतारमामा विचारायचे, "पाजलं का थोरलीला?" कितीतरी दिवस पट्टीखालचा उजेड हलेना. मावशीकडून फडकं मात्र न चुकता टिचकीच्या हाती यायचं. आणखी एक स्पंज टाकावा असं टिचकीला फार वाटायचं. पण घाई करून पाजलं की बाळ ओकतं, आणि गिटारचे सांधे सुटतात. ती मन आवरून चमच्याचमच्यानेच पाजत राहिली.

काका परत आले तेव्हा मावशीने स्वतः पट्टी उचलली. आडवी ठेवली. वाकून बघितलं, मग चष्मा चढवून बघितलं. पट्टी मधोमध टेकली होती आणि दोन्ही टोकांना किंचित डुलत होती.

टिचकीने पोटावर टिचकी मारली. आधी कोरडं टक् वाजायचं. आता डुम्म वाजलं, भरल्या माठासारखं. तिने तारा छेडल्या. खरखरीचा मागमूस नव्हता. तो सूर खिडकीच्या काचेपर्यंत गेला आणि तिथे कितीतरी वेळ रेंगाळला. सुतारमामा रंधा हातात घेऊनच बाहेर आले. काकांनी चष्मा काढून पुसला, तो स्वच्छच होता.

"विकलीत तर या दुकानातली सगळ्यात महाग गिटार ही असेल," टिचकी म्हणाली.

"विकतोय कोण?" काका म्हणाले. "शिकवता का इथे?"

"शिकवतो की," मावशी म्हणाली, "आणि श्वास सोडणारी पेटीही विकतो. ती जुनी पुन्हा वापरलीत तर बघा."

काका नवी पेटी छातीशी धरून रस्ता ओलांडत होते, तेवढ्यात दारात दुसरं गिऱ्हाईक उभं राहिलं. बाळ भुकेलं होतं. टिचकी त्याला घेऊन पडद्याआड बसली आणि सवयीने तारा पुसायच्या फडक्यासाठी हात बाहेर काढला. फडकं मावशीच्या हातात होतं. मावशी त्याने स्टुलाची बैठक पुसत होती.

"थांबा हं," मावशी गिऱ्हाइकाला म्हणत होती. "आमची पारखी बाळाला पाजतेय."