अंबिकेचा अकरावा मुक्काम

सोनाजी गुरुजींना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण बुधवार आणि शुक्रवार आला की त्यांचे पाय घरात ठरत नसत. मुलगा वाळूजला कंपनीत, सून शाळेत. गुरुजी धोतराचा सोगा सावरत वडापच्या जीपमध्ये शिरायचे आणि गंगापूरच्या अलीकडं पिंपळफाट्याला उतरायचे. याच शाळेत त्यांनी सव्वीस वर्षं शिकवलं होतं. आता ते सातवीला संगणकाचा तास घेत. पगार नाही, हजेरी नाही. मुलांनी एका सुरात 'गुरुजीऽऽ नमस्ते' म्हटलं की त्यांचं भाडं वसूल.

संगणकाच्या खोलीत पाच नवीन यंत्रं होती. कुणा देणगीदारानं दिलेली, काळीभोर, आरशासारखी चकचकीत. शुक्रवारी गुरुजी दाराशी उभे होते तेव्हा आधीचा, सहावीचा तास संपत होता. मुलांनी पाचही संगणक नीट बंद केले, त्यांवर चौकटीचं कापड झाकलं आणि रांगेनं बाहेर पडली. गुरुजींना बरं वाटलं. भिंतीवर लाल रंगात मोठ्या अक्षरांत ओळ होती: 'काम झाले की संगणक बंद करावा व कापड झाकावे.' ती त्यांनी स्वतः रंगवली होती, तीस वर्षांपूर्वी.

सातवी आत आली. कापडं निघाली, बटणं दाबली गेली आणि सुरू झालं वाट बघणं.

आधी यंत्र उजळलं. मग त्यानं स्वागत केलं. मग चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरवर मुलांनी टिचकी मारली, तर पडद्यावर कंपनीचं बोधचिन्ह फिरायला लागलं. फिरलं, फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. मग 'नवीन आवृत्ती आली आहे' अशी चिठ्ठी आली. ती मिटवली तर यंत्रानं नाव विचारलं, नाव दिलं तर नवीन काय काय आलंय ते सांगायला लागलं.

"गुरुजी, हे गॅदरिंगवाणी चाललंय," सुदर्शन म्हणाला. "आधी दीपप्रज्वलन, मग पाहुण्यांचा सत्कार, मग पाहुण्याचं भाषण. आपला नाच आला की लाईट गेली!"

सगळी हसली. गुरुजीही हसले. तेवढ्यात मागच्या यंत्रावर दोघांनी कंटाळून त्याच चिन्हावर टिचक्यांवर टिचक्या मारल्या होत्या. आता तिथं एकाऐवजी सात बोधचिन्हं फिरत होती आणि यंत्र जागच्या जागी गोठलं होतं.

"अरे, एकदा हाक मारली की पुरे असतं," गुरुजी शांतपणे म्हणाले. "सात वेळा हाक मारली म्हणून सात माणसं येत नाहीत."

त्यांनी घड्याळ बघितलं. तास पस्तीस मिनिटांचा. सोळा मिनिटं गेली होती.

ती सोळा मिनिटं आज गुरुजींना जास्तच टोचली, कारण समोर अंबिका बसली होती.

दिवाळीच्या आधी त्यांनी वर्गाला एक काम दिलं होतं: 'माझ्या घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा.' संगणकाच्या खोलीतच एका भिंतीवर एकवीस नकाशे लागले होते. कुणाचं घर पाराजवळ, कुणाचं पाण्याच्या टाकीमागं. बाविसावी जागा रिकामी होती, कारण अंबिकेचं घर एका जागी नव्हतं. तिची मेंढरं दिवाळी झाली की निघत, आणि घर त्यांच्यामागं. तिनं गुरुजींना विचारलं होतं, "कोनतं घर काढू?" गुरुजी म्हणाले होते, "सगळी काढ." तेव्हापासून ती शाळेपासून सुरुवात करून एकेक मुक्काम काढत होती. वाळूजच्या मागचा माळ, चितेगावचा उतार, बिडकीनचा ओढा. एकूण अकरा. प्रत्येक ठिकाणी तिला वेगळं झाड काढायचं होतं, नाहीतर मुक्काम ओळखायचा कसा?

घंटा झाली तेव्हा सहावा मुक्काम जेमतेम पुरा झाला. घंटेपाठोपाठ लाईट जाई ती थेट संध्याकाळी येई, म्हणून मुलं घाईनं उठली. अंबिकेनं संगणक बंद केला, कापडाची टोकं सारखी केली.

"गुरुजी, आम्ही बिस्तरवारी पहाटं निघनार. परीक्षेला आज्जी आनून सोडंल. मंग आठवीला दुसरी शाळा."

म्हणजे एकच तास उरला होता, बुधवारचा. गुरुजींनी जीपमध्ये बसून हिशेब मांडला. एका मुक्कामाला पाच मिनिटं. पाच मुक्काम, पंचवीस. कागदावर छापायला पाच. तीस मिनिटं हवीत आणि हातात एकोणीस. गणित शिकवण्यात जन्म गेलेल्या माणसाला हे उत्तर बदलता येईना.

त्यांना जुना संगणक आठवला. अख्ख्या तालुक्यात तेव्हा तीन होते, त्यातला एक पिंपळफाट्याला आला. बैलगाडीत कडबा अंथरून, त्यावर गोधडी टाकून त्याला फाट्यावरून आणलं होतं. गावानं हळदकुंकू लावलं, एका म्हातारीनं बोटं मोडून दृष्ट काढली. चौकोनी काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं. चपटी तबकडी खाचेत सरकवली की आत खर्र खर्र व्हायचं, आणि मुलांचा दोनाचा पाढा विसावर येईपर्यंत पडद्यावर एक छोटा त्रिकोण उभा राहायचा. हुकूम दिला की तो चालायचा. पुढं चाळीस, उजवीकडं नव्वद. मुलांनी त्याचं नाव कोकरू ठेवलं होतं. "गुरुजी, कोकरू उठलं!" असं सगळी एकदम ओरडायची. त्या यंत्राला फार काही येत नव्हतं, पण जे येत होतं त्याला ते हाकेसरशी उभं राहायचं. आताच्या यंत्राच्या पोटात तसली हजारो यंत्रं मावतील म्हणे. मग या पोराला उठायला इतका वेळ का लागतो?

रविवारी ते अंबिकेच्या आजीला, बानाबाईला भेटायला गेले. बानाबाई त्यांच्या नात्यातलीच. लहानपणी दोघांनी एकाच माळावर कोकरं राखली होती. पुढं सोनाजी शाळेत गेला आणि बानाबाई मेंढरांमागं. माळावर जाळीचं वाघूर लागलं होतं आणि आत मेंढरं दाटीनं बसली होती.

"ये रे सोन्या," ती म्हणाली. "मास्तर झाला तरी चालतो अजून कोकरामागंच."

"बाने, बुधवारनंतर दोन दिवस जास्त थांबता येईल का? शुक्रवारपर्यंत?"

"नाय बाबा. शहागडच्या पुढल्या पाटलाला तारीख दिली हाय. त्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची. सबद गेला की रान गेलं." तिनं त्यांच्याकडं बघितलं. "पोरीच्या नकाशासाठी म्हनतोस व्हय? ती रातच्याला बी तेच बोलती. कोनत्या मुक्कामाला लिंब हाय, कोनत्या मुक्कामाला बाभूळ. मलाच इचारती. मला तर झाडाखाली निजून म्हाईत, मोजून कुठं म्हाईत?"

बोलता बोलता तिनं तीन दगडांच्या चुलीतली राख काडीनं बाजूला सारली. खाली लालभडक विस्तव होता. वर दोन काटक्या ठेवून तिनं एक फुंकर घातली, जाळ लागला, चहाचं भगुनं चढलं. हे सगळं गुरुजींनी खिशातून चष्मा काढेपर्यंत.

"सकाळचाच विस्तव?"

"कालचा. दर खेपंला नवी चूल कोन पेटवंल? राखंखाली झाकून ठिवायचा. तुझी आई तर गाडग्यात घालून मुक्कामाला न्यायची. इसरला का?"

गुरुजी विसरले नव्हते. आईच्या डोक्यावर पाटी, पाटीत गाडगं, गाडग्यात कालच्या गावाचा विस्तव. नव्या माळावर पोचल्या पोचल्या भाकरी. कपातला चहा त्यांच्या हातात तसाच राहिला. त्यांच्या डोळ्यांसमोर सहावीची रांग आली. पाचही संगणक तापलेले, सॉफ्टवेअर उघडलेलं, सगळे सत्कार आणि भाषणं आटोपलेली. आणि मुलं शहाण्यासारखी ते विझवून, कापड झाकून बाहेर पडत होती. लगेच सातवी येऊन नवी चूल पेटवत होती.

आणि हे त्यांना शिकवलं कुणी?

"चहा निवला की रे," बानाबाई म्हणाली.

बुधवारी गुरुजी पहिल्या घंटेआधीच मुख्याध्यापिकांच्या खोलीत हजर झाले. मुख्याध्यापिका रत्नमाला म्हणजे त्यांचीच विद्यार्थिनी. गुरुजी दिसले की ती अजून खुर्चीतून उठायची.

"मॅडम, एक विनंती आहे. आज सहावीनं संगणक बंद करू नयेत."

"गुरुजी!" रत्नमाला हसली. "तुम्हीच सांगताय हे? भिंतीवरची ओळ दर दिवाळीला मी नव्यानं रंगवते. तपासणीला आलेले साहेबसुद्धा म्हणाले, अशी शिस्त कुठं बघितली नाही."

"ती ओळ चुकीची आहे."

"त्या ओळीसाठी तुम्ही मला पट्टी मारली होती. पाचवीत. मी कोकरू तसंच चालू ठेवून पाणी प्यायला गेले होते." ती अजून हसतच होती, पण उजवा हात तिनं नकळत डाव्या हातात घेतला. "सगळ्या जन्मात तुम्ही एकदाच मारलंत. म्हणून तर लक्षात राहिलं."

गुरुजींना ते आठवत नव्हतं. पत्र्याखालच्या खोलीत तो जुना संगणक लवकर तापायचा, म्हणून त्यांनी नियम केला होता. तो मिनिटात उठायचा, म्हणून तो नियम कुणाला महागात पडला नव्हता. यंत्र गेलं, पत्रा जाऊन स्लॅब आला, नियम तेवढा राहिला.

"रत्ना," ते म्हणाले, "तेव्हा तो नियम बरोबर होता. पट्टी तेव्हाही चूक होती."

रत्नमालानं धरलेला हात सोडला. मग म्हणाली, "सहावीला मी स्वतः सांगते."

तिनं सांगितलं. पण तिच्या सांगण्याआधी दीड वर्ष भिंत सांगत होती. तास संपताना गुरुजी दाराशी आले तेव्हा चार यंत्रांसमोरची मुलं गोंधळून, हात मागं बांधून उभी होती. आणि खिडकीजवळच्या पाचव्या यंत्रापाशी, ज्याच्यात अंबिकेचा नकाशा होता, वर्गातली सगळ्यात शिस्तीची मुलगी रूपा माऊसवर हात ठेवून 'बंद करा' या अक्षरांपर्यंत पोचली होती. दुसऱ्या हातात कापड तयार.

"थांब!"

खोलीच नाही, शेजारचा वर्गही गप्प झाला. सोनाजी गुरुजी ओरडले, हे कुणाला खरंच वाटेना. रूपाचा हात तिथंच थांबला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मी तर नियमानं..."

गुरुजी तिच्याजवळ जाऊन गुडघ्यावर बसले. "तुझं बरोबर आहे बाळा. नियम जुना झालाय. तो मी केला होता, चूक माझी." त्यांनी तिच्या हातातलं कापड घेतलं. "आता तू हात काढ. हळूच."

रूपानं हात काढला. यंत्र जागंच राहिलं.

सातवी आत आली आणि अंबिका खुर्चीत बसली. ना स्वागत, ना सत्कार. दोन टिचक्यांत नकाशा समोर, शुक्रवारी ठेवला होता तसा, सहाव्या मुक्कामाच्या बाभळीसकट. ती क्षणभर हात मांडीवर ठेवून बसूनच राहिली.

"काय झालं?"

"वाट बघायची सवय लागलीय गुरुजी."

"कोकरू उठलंय," गुरुजी म्हणाले. "हाक."

सातवा मुक्काम पैठणच्या अलीकडं, लिंबाखाली. आठवा धरणाच्या खाली. तिथून गंगेची, म्हणजे गोदावरीची, निळी रेघ सुरू झाली आणि सोबत चालायला लागली. नववा. दहाव्या मुक्कामाला कोणतं झाड होतं ते अंबिकेला आठवेना. तिनं डोळे मिटले, आजी कुणीकडं डोकं करून निजते ते आठवलं, आणि हिवराचं झाड काढलं. अकराव्याला पाटलाचं रान, चिंच आणि चिंचेखाली तीन दगड. शेजारची मुलं आपलं काम सोडून बघत होती. "आगं, मेंढरं तरी काढ!" सुदर्शन म्हणाला. "मेंढरं रानात गेलीत. सांच्याला येतील," अंबिका मान वर न करता म्हणाली.

छापायचा हुकूम दिला तेव्हा घड्याळात सहा मिनिटं उरली होती. कागद घरघरत बाहेर आला. गुरुजींनी नकाशा बाविसाव्या जागी लावला. सगळ्यांच्या नकाशात घर एका टोकाला आणि शाळा दुसऱ्या टोकाला होती. अंबिकेच्या नकाशात शाळा एकच होती आणि घरं अकरा. दारात उभ्या असलेल्या रत्नमालानं तो जवळ येऊन बघितला आणि प्रत्येक मुक्कामावरून बोट फिरवत गेली, जणू पाढा म्हणतेय.

घंटा व्हायला आली. अंबिका पुन्हा खिडकीजवळच्या यंत्रापाशी गेली. सवयीनं तिचा हात माऊसकडं गेला, मग मागं आला.

"लाईट आता जाईलच. आज बंद करू?"

"आज कर," गुरुजी म्हणाले. "आता पुढं कुणी चुलीपाशी येणार नाही."

तिनं यंत्र बंद केलं, कापड झाकलं, टोकं सारखी केली. रत्नमाला भिंतीवरच्या लाल ओळीकडं बघत होती.

"गुरुजी, रंगाचा डबा कपाटात आहे. काय लिहू?"

गुरुजींनी थोडा विचार केला. "दोनच शब्द वाढव. 'काम झाले'च्या आधी. 'शेवटच्या वर्गाचे.'"

"म्हंजी आमच्या सातवीचंच ना?" अंबिका दारातून म्हणाली.

"जा गं," गुरुजी हसून म्हणाले. "आजी वाट बघत असेल."

ती पळाली. फाट्यापलीकडच्या माळावर वाघूर काढायचं काम सुरू झालं होतं. चुलीवरून धुराची बारीक रेघ वर जात होती, आणि चुलीशेजारी बानाबाईनं उद्यासाठी एक गाडगं धुऊन उन्हात पालथं घातलं होतं.