अक्काचे उपास

सत्याऐंशी सालच्या माघात झुलालचा पाय मोडला. बैलगाडीवरून कडब्याच्या पेंढ्या उतरवताना तो खाली आला आणि मांडीचं हाड गेलं. साक्रीकडच्या त्यांच्या खेड्यातून त्याला धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी पायाला वजनं टांगली आणि सहा आठवडे हलायचं नाही म्हणून सांगितलं. त्याची बायको तानुबाई सोबत आली होती. ती अर्थातच देवपुरात पितांबरच्या घरी उतरली. तो तिचा चुलतभाऊ, लहानपणी तिच्या कडेवर वाढलेला. भाऊ म्हणजे माहेरच. दुसरीकडे कुठे जाणार?

पितांबर एका शाळेत शिपाई होता. दोन खोल्या, दोन मुली आणि बायको पुष्पाबाई. पहिल्याच संध्याकाळी तानुबाईने कमरेची पिशवी सोडली आणि वीस रुपयांची नोट पुष्पाबाईच्या हातात कोंबली. "भाजीपालाले व्हतीन," म्हणाली. ते नेमकं पितांबरने पाहिलं.

"अक्का, हे घर आहे का खाणावळ?" तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण चेहरा उतरला होता. नोट परत पिशवीत गेली. अक्का खाली मान घालून जेवली, आणि पुष्पाबाईने पाहिलं, तिसरी भाकरी तिने घेतली नाही.

दोन दिवसांनी सोमवार आला. अक्का म्हणाली, "मना आज उपास शे. महादेवना."

भावाच्या घरी नणंदेचा उपास. तिला नुसतं पाण्यावर कोण ठेवील? पुष्पाबाईने साबुदाणा आणला, दाण्याचा कूट घालून खिचडी केली, वाटीभर दही लावलं. गुरुवारी दत्ताचा उपास निघाला. त्या दिवशी भगर आणि दाण्याची आमटी झाली. शनिवारी मारुती. पुढच्या आठवड्यात देवीचा मंगळवार वाढला, आणि मध्ये एकादशी आली ती वेगळीच.

"अक्का फार देवभोळी झाली गं," पितांबर कौतुकाने म्हणाला. पुष्पाबाई दाण्याचा कूट करत राहिली. ज्वारी रेशनची होती, ती कशीही पुरली असती. साबुदाणा, दाणे, दही रेशनवर मिळत नाहीत. मुलींचं दूध तिने निम्मं केलं होतं. पण तिला धाक त्याचा नव्हता. अक्का दोनदा बोलून गेली होती, "तठे दवाखानाना ओटावर बठ्ठा लोक निजतंस. मी बी निजसू." एक शब्द जरी वाकडा पडला असता, तरी अक्का गाठोडं उचलून त्या ओट्यावर गेली असती. मग पितांबरने गावात तोंड कुठे दाखवायचं?

मंगळवारी अक्का झुलालचा डबा घेऊन गेली, पण ताकाची बरणी घरीच राहिली. पुष्पाबाई बरणी घेऊन मागोमाग पूल ओलांडून दवाखान्यात गेली. वॉर्डाच्या दारातच ती थांबली. झुलालचा डोळा लागला होता. खाटेच्या पायाला टेकून अक्का जमिनीवर बसली होती. मांडीवर झुलालच्या डब्यातून उरलेल्या कालच्या भाकरीचा वाळलेला तुकडा, हातात कांदा. भराभर खात होती. शेतात राबणारं माणूस खातं तसं.

पुष्पाबाई पाय न वाजवता मागे फिरली. बरणी तिने वॉर्डातल्या मावशींजवळ दिली.

पुलावर आल्यावर तिला सगळं उमगलं. खाणावळ म्हटल्यापासून ही बाई आपल्या घरचं खाणं वाचवत होती. आणि जितके उपास तिने धरले, तितका साबुदाणा घरात शिजला. हसावं की रडावं, पुष्पाबाईला कळेना. खेड्यात उपास म्हणजे घरच्या शेंगा नि उकडलेलं रताळं. वाण्याच्या दुकानातला साबुदाणा अक्काने कधी विकत घेतला असेल?

हे बोलून दाखवायची सोय नव्हती. पितांबरला सांगावं तर तो खचला असता. अक्काला सांगावं तर ती गेलीच असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुष्पाबाईने भाकरी थापली. रेशनची ज्वारी, ती काठाला चिरली. तिने ती तशीच अक्कासमोर धरली.

"बघा अक्का. नऊ वर्षं झाली माझ्या लग्नाला. तुमच्या रानात एवढी दादर ज्वारी पिकते म्हणतात. माहेरी कधी मूठभर वानोळा धाडला का तुम्ही? लोकांच्या नणंदा शेतात पहिलं पीक आलं की भावाकडे धाडतात. आमच्या नशिबी ही चिरकी भाकरी."

असा टोमणा पुष्पाबाईने जन्मात कुणाला मारला नव्हता. तिचे कान तापले.

 आधी अक्काच्या चेहऱ्यावर दुखावल्याची रेघ उमटली. मग हळूहळू ती पुसली गेली.

"मंग आधी सांगं का नही व?" ती म्हणाली. "मी आपली वीसनी नोट लई बसनू."

अक्काच्या गावचा भिकन तेव्हा धुळ्याला येऊन-जाऊन होता. त्याच्या हाती तिच्या घरी निरोप गेला. चौथ्या दिवशी साक्रीच्या एसटीच्या टपावरून अर्धं पोतं दादर उतरली, वर उडदाच्या डाळीचं गाठोडं आणि लाल मिरच्या.

पितांबर शाळेतून आला. दारातलं पोतं पाहून थबकला. पुष्पाबाईचा हात पिठातच थांबला.

"हे काय, अक्का? माझ्या घरात दाणे नाहीत का?"

"तुना घरमा बठ्ठं शे, भाऊ. हाऊ वानोळा शे. बहीणना वानोळाले नही म्हननारा तू कोन?"

 वानोळ्याला नाही म्हणणारा भाऊ खानदेशात अजून जन्मायचा होता. पितांबर वाकला, पोतं खांद्यावर घेतलं आणि आत नेऊन नीट कोपऱ्यात ठेवलं. जाता जाता म्हणाला, "मिरच्या तुझ्या हातच्या आहेत ना? मग ठेचा कर आज."

पुढे सोमवार आला. सवयीने पुष्पाबाईने रात्रीच साबुदाणा भिजवला होता. सकाळी अक्का ताटावर बसली आणि दादरीची पांढरी, टम्म फुगलेली भाकरी तिने स्वतःच ओढून घेतली.

"अक्का, आज महादेव ना?" पितांबरने विचारलं.

"महादेवनी सुटी दी टाकी," अक्का म्हणाली. ठेच्याचा घास तोंडात होता. "मानूस आजारी ऱ्हास तवय उपास नही करता, आसं बोलना."

मुली खिदळल्या. भिजलेल्या साबुदाण्याची खिचडी पुष्पाबाईने त्यांच्या ताटात वाढली. त्या तुटून पडल्या. अक्का तिसरी भाकरी मोडता मोडता त्यांच्याकडे पाहत राहिली.

"पोरी कशा खाई राहिन्यात. हाई कितलाले पडस व, पुष्पा?"

पुष्पाबाईने तव्यावरची भाकरी उलटली.

"मी कधी विचारलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही घ्या अक्का, गरम आहे."