बाईंच्या तोंडात च्युइंगम

आतड्यातली कर्करोगाची गाठ काढून जेमतेम एक दिवस झाला होता, तोच सिस्टरने मुख्याध्यापिकाबाईंना खाटेवरून उठवलं आणि हातात च्युइंगम ठेवलं. बाई उडाल्याच! उभ्या जन्मात त्यांनी वर्गात कुणाला हे चघळू दिलं नव्हतं.

"चघळा हो," सिस्टर म्हणाली. "आतड्याला वाटतं जेवण आलं, मग ते झोपेतून उठतं. आणि वारा सरला की लगेच सांगायचं. ती आमच्यासाठी आनंदाची बातमी!"

"शी!" बाई म्हणाल्या. पण तोंडावर हात धरून, चोरासारख्या चघळत, सोबतीला राहिलेल्या जाऊबाईंच्या आधाराने त्या वॉर्डात फिरू लागल्या. जाऊबाईंना हसू आवरेना.

खिडकीपाशी पोचल्या आणि असा काही दणदणीत आवाज झाला की अख्खा वॉर्ड चिडीचूप! बाईंची जुनी सवय उफाळून आली. टाके विसरून त्या मागे वळल्या आणि कडाडल्या, "कोण आहे ते? मुकाट्यानं उभं राहायचं!"

सकाळपासून उठायचं नावही न घेणारी समोरच्या खाटेवरची पेशंट सलाईनच्या नळीसकट ताडकन उभी राहिली. "मी नाही हो, बाई!"

जाऊबाई हसता हसता खालीच बसल्या. बाईंनी पुन्हा एकदा मागे पाहिलं. मागे नुसती खिडकी होती.

मग त्यांनी च्युइंगम गालात सरकवलं आणि शहाण्या मुलीसारखा हळूच हात वर केला.

"मी," त्या म्हणाल्या, आणि सिस्टर टाळ्या पिटत नाचायलाच लागली.