उताराखालचं घर

जिन्यावर पुन्हा चिखलाचे पाय उमटले होते आणि अध्यक्ष पुन्हा भडकले होते.

त्यांना सगळी सोसायटी अध्यक्षच म्हणे; रागावली की बायकोसुद्धा. त्यांचं उभं आयुष्य कारखान्याच्या तपासणी विभागात गेलं होतं. एक ओरखडा दिसला तरी सगळा माल परत पाठवणारा माणूस. निवृत्तीनंतर तपासायला उरलं ते सोसायटीचं आवार, आणि पावसाळ्यात ते काही बघवत नसे. फाटकापासून जिन्यापर्यंत नुसती माती. एका कोपऱ्यात खोलगट जागा होती, तिथे पाऊस पडला की तळं साचे. दुसऱ्या दिवशी ते आटून जाई, पण तोवर गाड्यांची चाकं, मुलांचे बूट आणि दूधवाल्याच्या चपला यांनी तो चिखल घरोघरी पोचवलेला असे.

"यंदा सगळं काँक्रीट करून टाकायचं," सभेत त्यांनी जाहीर केलं. "या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत! ती खोलगट जागाही भरून घ्यायची. आवाराला असा उतार द्यायचा की पाण्याचा थेंब थांबता कामा नये. पडला की थेट रस्त्यावर!"

टाळ्या पडल्या. हात वर झाला तो एकटीचा, त्यांच्याच सुनेचा. ती नगरपालिकेत, गटारांचे आराखडे करणाऱ्या कार्यालयात इंजिनियर होती. घरात सासऱ्यांशी तिचं चांगलं जमे. पण भर सभेत सून सासऱ्यांना काय विचारते, हे ऐकायला लोक सावरून बसले.

"बाबा, रस्त्यावर गेलेलं पाणी पुढे कुठे जाईल?"

"गटारात. गटारं कशाला बांधलीत मग?"

"आणि गटार भरलं की?"

"ते नगरपालिका बघेल. म्हणजे तुम्हीच लोक!"

हशा पिकला. सून हसली नाही.

"हे गटार बांधलं तेव्हा या उतारावर मोकळी जमीन होती. निम्मा पाऊस तीच पिऊन टाकायची, उरलेलं पाणी रमतगमत खाली जायचं. आता एकेक सोसायटी जमिनीचं तोंड शिवून टाकतेय. तेच पाणी एकदम धावत सुटतं. गटार मात्र होतं तेवढंच आहे."

"म्हणजे आम्ही चिखलात लोळायचं?" दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांनी विचारलं. त्यांच्या दोन गाड्या होत्या.

"नाही हो. चिखल मलाही नकोच आहे. जिन्यापर्यंत पक्की वाट करू. गाड्यांखाली जाळीचे ठोकळे बसवू, ते वजन पेलतात आणि त्यांच्या भोकांतून पाणी खाली जातं. ती खोलगट जागा बुजवण्याऐवजी आणखी थोडी खणू, खाली खडी नि वाळू, वर ओल सोसणारी झाडं. गच्चीचं पाणी पाइपाने तिकडेच वळवू. दिवसभरात ते मुरून जाईल, डासांना अंडी घालून पिल्लं काढायला सवडच मिळणार नाही."

वकीलसाहेबांनी डोळे मिचकावले. "या बोलण्यात कुठेतरी पाणी मुरतंय खरं!"

"मुरावं म्हणूनच सांगतेय," सून म्हणाली. पण सभा खो-खो हसत होती. ठराव मंजूर झाला.

घरी आल्यावर अध्यक्षांनी तिला ऐकवलं, "सूनबाई, घरात काय हवं ते बोल. चारचौघांत माझं हसं कशाला?"

"हसं तुमचं नाही झालं, माझं झालं. आणि बाबा, उताराच्या खाली आत्या राहतात."

"माझ्या बहिणीची काळजी मला आहे," ते म्हणाले, आणि त्यांच्या लेखी विषय संपला.

ही बहीण, म्हणजे ताई, त्यांच्याहून वडील. उतार जिथे संपतो त्या गल्लीत तिचं बैठं घर होतं. नवरा गेल्यावर त्याचा बुकबाइंडिंगचा धंदा तिने बंद पडू दिला नाही. पुढच्या खोलीत कागद कापायचं यंत्र, पुस्तकं दाबायचा लोखंडी प्रेस, खळीची बादली आणि भिंतीला टेकलेले गठ्ठे. मागच्या खोलीत संसार. ग्रंथालयं तिच्याकडे फाटकी पुस्तकं पाठवत, कॉलेजची मुलं घाईघाईने प्रबंध आणून देत. ती त्यांना दरडावी, "उद्या? शिवणकाम आहे बाबा हे, चहा नाही उकळून द्यायला." पण दुसऱ्या दिवशी प्रबंध तयार असे.

आवार पक्कं झालं. अध्यक्ष येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवू लागले. खरंच, आरशासारखं दिसत होतं! पहिल्याच मोठ्या सरीत पाणी फाटकाबाहेर सुसाट गेलं आणि घटकाभरात आवार कोरडं झालं. जिन्यावर एक डाग नाही.

त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला. "अरे, आज पाणी उंबऱ्याला लागलं. इतक्या वर्षांत कधी लागलं नव्हतं."

"गटार तुंबलं असेल. तक्रार कर."

"केली. माणसं येऊन बघून गेली. गटार साफ आहे म्हणाले."

"मग उंबरा उंच करून घे. माझा गवंडी पाठवतो."

गवंड्याने दाराशी विटांचा उंच उंबरा बांधून दिला. पुढच्या पावसात ताईच्या घरात पाणी शिरलं नाही, ते शेजारच्या शिंपिणीच्या घरात शिरलं. शिंपीण तावातावाने भांडायला आली. "तुम्ही आपलं दार उंच केलंत, आणि आम्ही काय पोहायचं?" दोघींचं वर्षानुवर्षांचं येणंजाणं होतं. त्या दिवसापासून बोलणं तुटलं. मग शिंपिणीनेही उंबरा बांधला, पलीकडच्यानेही बांधला. सगळी गल्ली एकमेकांकडे पाणी ढकलू लागली. पाणी वरून का येतंय, हे बघायला मान वर कुणीच केली नाही.

आणि मग तो दिवस आला.

दुपारची वेळ. आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळत होता. सुनेला सुट्टी होती. अध्यक्ष गॅलरीत उभे राहून खाली बघत होते. पाणी आवारातून फेसाळत फाटकाकडे धावत होतं, कचऱ्याचे डबे ढकलत, कुंड्या आडव्या करत.

"बघ सूनबाई, थेंब थांबत नाही!"

ती शेजारी येऊन उभी राहिली. तिने खाली बघितलं, मग उताराकडे बघितलं आणि आत जाऊन बूट चढवले. "बाबा, आत्या फोन उचलत नाहीत. चला."

गल्लीत मांडीइतकं पाणी होतं. ताईचं दार बाहेरून ढकललं तर उघडेना. आतून गठ्ठे तरंगत येऊन दाराला अडकले होते. दोघांनी खांदा लावला तेव्हा ते कसंबसं उघडलं. उंच उंबऱ्याने रस्त्याचं पाणी बराच वेळ थोपवलं होतं. पण गटार फुगलं तसं पाणी मोरीतून उलटं वर आलं. आणि एकदा आत आल्यावर तोच उंबरा त्याला बाहेर पडू देईना. घराचा हौद झाला होता.

ताई कापायच्या यंत्राला पाठ टेकून पाण्यात बसली होती. एक पाय विचित्र वळला होता. दोन्ही हातांनी तिने एक गठ्ठा डोक्यावर धरला होता. खळीची बादली उपडी झाल्यामुळे सगळं पाणी दुधाळ झालं होतं. त्यात पानं तरंगत होती, छापलेली, शिवलेली, सुटी. आणि त्या पानांमध्ये, दार उघडताच गल्लीतून आत आलेलं, कचऱ्याच्या डब्याचं एक हिरवं झाकण गोल गोल फिरत होतं. त्यावर ठळक अक्षरांत सोसायटीचं नाव होतं. अध्यक्षांनी स्वतः रंगवून घेतलेलं.

ताईने भावाकडे बघितलं. मग झाकणाकडे बघितलं.

"आलास?" ती म्हणाली. "तुझं पाणी तुझ्या आधी पोचलं."

सुनेने गठ्ठा हातातून घेतला, तेव्हा ताई पहिल्यांदा कळवळून ओरडली.

गठ्ठे उचलताना पाण्यात घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली. काठीच्या आधाराने चालता येईल, डॉक्टर म्हणाले. पण तासन् तास यंत्रापाशी उभं राहणं विसरा. घरातला बहुतेक कागद लगदा झाला होता. एका मुलीचा प्रबंध, एका ग्रंथालयाची दुसरीकडे कुठेच नसलेली जुनी पुस्तकं, सगळं फावड्याने उचलून टाकावं लागलं. शिंपिणीचं शिलाई यंत्रही गंजून बसलं. तरी ती भांडण विसरून दवाखान्यात येऊन बसत असे.

दवाखान्याच्या बाकावर अध्यक्ष सुस्कारा सोडून म्हणाले, "काय करणार? निसर्गापुढे कुणाचं चालतं? पाऊसच तसा पडला."

आणि इतके दिवस गप्प राहिलेली सून उसळली.

"निसर्ग? पाऊस तुमच्या गच्चीवर पडला आणि आत्यांच्या कौलांवरही पडला. सगळ्यांवर सारखाच पडला ना, बाबा? मग बुडाले ते फक्त खालचेच का? ढगांनी काही पत्ता विचारून पाणी टाकलं नव्हतं. तो उतार तुम्ही दिलात! मी सभेत हात वर केला तेव्हा तुम्ही सगळे हसलात. तेव्हा निसर्ग कुठे होता?"

बाकावरची माणसं वळून बघू लागली. अध्यक्षांनी मान खाली घातली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालातला दोष शोधणाऱ्या त्या माणसाला पहिल्यांदाच स्वतःच्या कामातला दोष दिसला. आणि आता काहीही परत पाठवण्याची सोय नव्हती!

ते उठून ताईच्या खाटेपाशी गेले. "ताई, आता तू माझ्याकडे राहायला चल. आमच्याकडे सगळी सोय आहे."

ताईने मान हलवली. "तुझ्याकडे येऊन काय करू? पाऊस आला की तुझ्या गॅलरीत उभी राहू, पाणी खाली जाताना बघत? नको रे. मी लेकीकडे जाईन."

अध्यक्षांनी पुन्हा सभा बोलावली. आवार फोडायचं, या वेळी सून म्हणते तसं करायचं, असा ठराव त्यांनीच मांडला. सुनेने भिंतीवर नकाशा लावला. सभेत एकच गलका उठला.

वकीलसाहेब उभे राहिले. "कमाल झाली! तेव्हा तुम्हीच म्हणालात, थेंब थांबता कामा नये. आता तुमची बहीण बुडाली म्हणून आम्ही आमचं पार्किंग फोडायचं?"

"हो," अध्यक्ष म्हणाले. "माझी बहीण बुडाली म्हणूनच मला दिसलं. शेजारची शिंपीण त्याआधीच बुडाली होती, ती मला दिसली नव्हती. लाज वाटण्यासारखी गोष्ट तीच आहे, साहेब. प्रत्येकाची बहीण बुडायची वाट बघायची का आपण?"

कुणी हसलं नाही. पण सगळे विरघळले असंही नाही. पुष्कळ वादावादीनंतर निम्मं आवार फोडायला परवानगी मिळाली. वकीलसाहेबांच्या गाड्यांखालचं काँक्रीट तसंच राहिलं. अध्यक्ष पुढच्या निवडणुकीत हरले. लोकांच्या तोंडी मात्र ते अध्यक्षच राहिले.

जाळीचे ठोकळे बसले, त्यांच्या भोकांत गवत आलं. कोपऱ्यातली जागा पुन्हा खणली गेली, खडी-वाळू भरली, झाडं लागली, गच्चीचे पाइप तिकडे वळले. पुढच्या पावसाळ्यात तिथे पुन्हा तळं साचलं आणि दुसऱ्या सकाळी ते नाहीसं झालं. फाटकाबाहेर पाणी गेलं ते ओघळभर.

म्हणून गल्ली वाचली का? नाही! उतारावर अशा कितीतरी सोसायट्या आहेत, आणि बाकी सगळ्यांची आवारं अजून आरशासारखी चकचकीत आहेत. गल्लीत पाणी अजूनही चढतं, जरा कमी चढतं एवढंच. अध्यक्ष आता सुनेला बरोबर घेऊन एकेका सोसायटीचं दार ठोठावतात. लोक बसायला खुर्ची देतात, चहा देतात, शांतपणे ऐकून घेतात आणि शेवटी म्हणतात, "खरं म्हणजे नगरपालिकेने गटारं मोठी करायला हवीत." पहिल्या सभेत अध्यक्ष स्वतः असंच काहीसं म्हणाले होते. एका सोसायटीने मात्र अलीकडे नकाशा मागवून घेतला आहे.

ताई एकदाच आली. लेकीने गाडीतून आणलं होतं. काठी टेकत ती झाडांच्या त्या खड्ड्यापाशी उभी राहिली. नुकताच पाऊस पडून गेला होता आणि पाणी मातीत उतरताना बारीक बुडबुडे येत होते.

"चांगलं केलंस," ती म्हणाली.

अध्यक्षांचे डोळे भरून आले. "ताई, वर चल ना. चहा घे."

"चांगलं केलंस," ती पुन्हा म्हणाली, "पण माझ्या हातातलं काम गेल्यावर केलंस." आणि ती गाडीकडे वळली. त्यांनी दार उघडून धरलं, तेवढं तिने धरू दिलं.

नागरिकहो, आपलं आवार स्वच्छ आणि कोरडं असावं, यात वाईट काही नाही. पण आपल्या दारातून जे पाणी आपण घाईने घालवतो, ते कुणाच्या तरी दारात जाऊन थांबतं. त्या दाराआडचं माणूस आपल्या ओळखीचं असो वा नसो, आपल्या वाट्याला आलेला पाऊस आपल्याच मातीत मुरवणं हे आपलं कर्तव्य आहे. वाट पक्की करा, पण जमिनीला श्वास घ्यायला जागा ठेवा. गच्चीचं पाणी रस्त्यावर सोडू नका, झाडांना द्या. आणि हे आज करा, कुणाचं हाड मोडायच्या आधी. पाणी वेळेवर जिरवलं नाही, तर एक दिवस ते आपली जिरवतं. आणि बहुतेक वेळा आपली जिरायच्या आधी ते खालच्या माणसाचं घर घेऊन जातं.